सुडाचीं इंग्रजी नांवें

इंग्रजी बातमी मराठींत उतरवितांना भाषांतरकाराची लेखणी कांहीं थोड्या शब्दांपाशीं हटकून अडते. एका राष्ट्रानें दुसऱ्याच्या ठाण्यावर हल्ला केला. दुसऱ्यानें उलट हल्ला चढविला. त्या उलट हल्ल्यास एका पत्रानें 'रिव्हेंज' म्हटलेलें असतें, दुसऱ्यानें 'रिटॅलिएशन', सरकारी पत्रकांत 'रेप्रायझल' असतें, आणि एखाद्या गंभीर अग्रलेखांत 'रेट्रिब्यूशन' असाही शब्द डोकावून जातो. कोश उघडावा, तर चारही शब्दांपुढें सूड, बदला, प्रतिशोध, परतफेड हीच मंडळी थोड्याफार फरकानें रांग धरून उभी! घाईच्या वेळीं भाषांतरकार 'बदला' लिहून मोकळा होतो, आणि वाचकासही कांहीं चुकल्यासारखें वाटत नाहीं. परंतु ज्यानें मूळ शब्द वापरला त्यानें तो बहुधा पारखून घेतलेला असतो. घडलेली गोष्ट चारही शब्दांत एकच. घर जळालें, माणूस मेला. मात्र तें करणारानें कोणत्या अधिकारानें केलें, याचा निवाडा शब्दांतच होऊन गेलेला असतो. हे शब्द एकमेकांपासून वेगळे कसे पडले, आणि त्यांतला कोणता केव्हां कोणाच्या कामीं आला, हा इंग्लंडच्या इतिहासाचाच एक भाग आहे. त्यांतील दोन प्रकरणांशीं तर हिंदुस्थानचा संबंध अगदीं निकटचा आहे.

'रिव्हेंज' आणि 'अव्हेंज' या सख्ख्या बहिणी. दोघींचें मूळ 'विंदिकारे' या लॅटिन क्रियापदांत आहे, आणि त्यांत रक्तपाताचा वास मुळींच नव्हता. रोमन न्यायसभेंत एखाद्या वस्तूवर आपला हक्क विधिपूर्वक सांगणें, याला तो शब्द होता. हक्क सांगण्यावरून हक्काचें रक्षण, आणि रक्षणावरून अपकार करणारास शासन, असा त्याचा अर्थ सरकत गेला. फ्रेंचांच्या तोंडीं त्याचें रूप पुष्कळच झिजलें, आणि नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकल्यावर तें झिजलेलें रूप त्यांच्या भाषेबरोबर समुद्र ओलांडून आलें. पुढें पंडितांनीं तोच शब्द लॅटिनमधून थेट उचलला. तो 'व्हिंडिकेट', म्हणजे आरोपांतून मुक्त करणें. अशा रीतीनें एकाच घरांतून सूड उगवणाराही निघाला आणि निर्दोषपणा सिद्ध करणारा वकीलही निघाला. आपण घेतला तो सूड नव्हे, तो आपला हक्क होता, असें म्हणण्याची सोय शब्दाच्या जन्मापासूनच त्यांत आहे.

नॉर्मन येण्यापूर्वीं इंग्रजांपाशीं स्वतःचा शब्द नव्हता असें नाहीं. त्यांच्या जुन्या भाषेंत एक क्रियापद होतें. त्याचा अर्थ हांकून लावणें, आणि त्यावरूनच सूड उगवणें. त्याचें आजचें रूप 'रीक'. तें आज एकटें उभें राहूं शकत नाहीं. त्याला 'व्हेंजन्स' किंवा 'हॅव्हक' असा सोबती लागतो. सूड हाच ज्याचा अर्थ, त्या शब्दाला सुडाच्याच अर्थाचा परका शब्द हातीं धरून चालावें लागावें, ही जिंकलेल्या लोकांच्या भाषेची दैना म्हणावयाची!

त्या जुन्या काळीं सूड हा रागाचा प्रश्न नव्हता. तें नातलगांचें कर्तव्य होतें. भाऊ मारला गेला तर मारणाराच्या कुळांतील माणूस मारावयाचा, आणि तें टाळावयाचें असेल तर मोल घ्यावयाचें. या मोलास 'वेरगिल्ड' म्हणत. 'वेर' म्हणजे पुरुष. आपल्या 'वीर' शब्दाचा तो दूरचा भाऊबंद. 'गिल्ड' म्हणजे भरणा किंवा फेड. केंटचा राजा एथेलबर्ट याचा इ. स. ६०० च्या सुमाराचा कायदा म्हणजे शरीराच्या अवयवांचें दरपत्रकच आहे: डोळ्याबद्दल ५० शिलिंग, आंगठ्याबद्दल २०, कानाबद्दल १२. धर्मशास्त्र चाळणाऱ्या वाचकांस यांत नवल वाटावयाचें कारण नाहीं. आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत क्षत्रियाचा वध करणारानें 'वैरयातना'साठीं, म्हणजे वैर फिटावें म्हणून, एक हजार गाई द्याव्या असें सांगितलें आहे; वैश्याबद्दल शंभर आणि शूद्राबद्दल दहा. माणसाच्या पायरीप्रमाणें रक्ताचें मोल चढावें वा उतरावें, ही कल्पना दोनही ठिकाणीं सारखीच. मात्र मोल घेऊन वैर मिटवितां येतें, एवढें शहाणपणही दोनही ठिकाणीं होतें.

राजसत्ता जसजशी बळावली तसतसा तिनें हा अधिकार नातलगांच्या हातांतून काढून घेण्यास आरंभ केला. दहाव्या शतकांतील राजा एडमंड यानें वैराची मर्यादा प्रत्यक्ष खुनी माणसापुरती आंखून दिली. त्याच्या सगळ्या कुळास त्यांत ओढावयाचें नाहीं. पुढें खून हा कुळाविरुद्धचा अपकार न राहतां राजाविरुद्धचा गुन्हा झाला, आणि त्याबरोबर शब्दांचीही वांटणी झाली. १६११ सालीं राजा जेम्स याच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या बायबलांत 'व्हेंजन्स' हा ईश्वराचा राखीव अधिकार ठरला. माणसानें त्यांत हात घालावयाचा नाहीं. फ्रान्सिस बेकन हा स्वतः कायदेपंडित व राज्याचा चॅन्सेलर. त्यानें १६२५ सालीं छापलेल्या सुडावरील छोट्याशा निबंधांत सूड हा न्यायाचाच एक रानटी प्रकार मानला. मनुष्यस्वभावाची ओढ तिकडे जितकी अधिक, तितका कायद्यानें तो अधिक कसोशीनें खुडून काढावा, असें त्याचें म्हणणें. अखेर १७५५ सालीं डॉ. जॉन्सन यानें आपल्या प्रसिद्ध कोशांत ही वांटणी नियमाच्या रूपानें नोंदली. रिव्हेंज हें विकाराचें कृत्य आणि व्हेंजन्स हें न्यायाचें. आपल्याला झालेल्या इजेचा रिव्हेंज घेतात, परंतु गुन्हा अव्हेंज करतात, असा त्याचा आशय. हा भेद नेहमीं पाळला जातोच असें नाहीं, अशी पुस्ती जोडण्यास तो प्रामाणिक गृहस्थ विसरला नाहीं.

आजही चांगलें इंग्रजी लिहिणारा बहुतेक याच वाटेनें जातो. 'अव्हेंज' हें क्रियापद; त्याच्यामागून ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस किंवा तो अन्याय यावयाचा. मुलगा बापाचा मृत्यु 'अव्हेंज' करतो. 'रिव्हेंज' हें मुख्यतः नाम. तें 'घेतलें' जातें, आणि घेणारा तें स्वतःसाठीं घेतो. म्हणून पहिल्या शब्दांत थोडी परोपकाराची, थोडी कर्तव्याची छटा येते आणि दुसऱ्यांत खाजगी द्वेषाची. मराठींत हा भेद एका शब्दानें दाखवितां येत नाहीं. 'बापाच्या खुनाचा सूड घेतला' आणि 'आपला सूड उगवला' अशीं वाक्येंच वेगळीं करावीं लागतात.

येथें एक गंमत सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. प्रजेच्या हातांतून सूड काढून घेणाऱ्या याच राज्यानें आपल्या लढाऊ जहाजाचें नांव मात्र मोठ्या अभिमानानें 'रिव्हेंज' असें ठेवलें. १५७७ सालीं बांधलेलें हें जहाज १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशीं झालेल्या लढाईंत ड्रेकचें निशाणाचें जहाज होतें. १५९१ सालीं अझोर बेटांजवळ सर रिचर्ड ग्रेनव्हिल त्यावरून सगळ्या स्पॅनिश ताफ्याशीं एकटा झुंजला, जहाज पडलें, आणि तें नांव इंग्रज आरमाराच्या इतिहासांत अमर झालें. त्यानंतर अनेक जहाजांस तेंच नांव देण्यांत आलें.

'रेप्रायझल'चें घराणें अगदींच वेगळें. तो शब्द व्यापाऱ्यांच्या पेढींतून आला. मूळ अर्थ 'परत घेणें' एवढाच. मध्ययुगांत एखाद्या इंग्रज व्यापाऱ्याचा माल परक्या राजाच्या प्रजेनें समुद्रावर लुटला, तर त्यानें प्रथम त्या राजाच्या दरबारीं दाद मागावयाची. दाद मिळाली नाहीं म्हणजे त्याचा स्वतःचा राजा त्याला एक पत्र देई, आणि त्या पत्राच्या जोरावर लुटारूच्या कोणत्याही देशबांधवाचा माल आपल्या नुकसानीच्या रकमेपर्यंत त्यास धरतां येई. यांतील तीन अटी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत: आधीं न्याय मागितलेला असला पाहिजे, वसुली नुकसानीएवढीच झाली पाहिजे, आणि वरून अधिकारपत्र असलें पाहिजे. सूड घेणारास यांतली एकही अट नसते. परंतु चौथी एक गोष्टही यांतच आहे, आणि ती भयंकर आहे: अपराध एकाचा आणि भुर्दंड त्याच्या गांवच्या दुसऱ्याच कोणाला! पुढें याच पत्रांच्या आड खाजगी जहाजांची राजरोस चांचेगिरी चालली. १८५६ च्या पॅरिस येथील जाहीरनाम्यानें ती युरोपीय राष्ट्रांनीं बंद केली. तरी असलीं पत्रें देण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेंत काँग्रेसकडे अजून शिल्लक आहे. मध्यंतरीं वसुलीचें हें काम व्यापाऱ्यांकडून आरमारांकडे गेलें होतें. १८४७ सालीं अथेन्समध्यें डॉन पॅसिफिको नांवाच्या ब्रिटिश प्रजाजनाचें घर जमावानें लुटलें, आणि त्याची भरपाई मिळेना म्हणून १८५० सालीं पामर्स्टननें ग्रीसच्या बंदराभोंवतीं ब्रिटिश आरमार उभें केलें.

'रिटॅलिएशन'च्या पोटांत लॅटिन 'टॅलिओ' आहे, म्हणजे जसें तसें. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यांत, इ. स. पूर्वीं सुमारें ४५० मध्यें, अवयव मोडणारानें तडजोड केली नाहीं तर त्याला टॅलिओ लागू होई. त्याहून फार जुना हम्मुराबी राजाचा कायदा कोरलेला शिलास्तंभ इराणांतील सूसा येथें १९०१ सालीं सांपडला. त्यांतही डोळ्यास डोळा आहेच. ऐकावयास हें क्रूर वाटतें, परंतु एका डोळ्याबद्दल दोन घ्यावयाचे नाहींत, असा त्याचा दुसरा अर्थ आहे. सतराव्या शतकांतील इंग्रज तर उपकाराचेंही 'रिटॅलिएशन' करीत; आपण उपकाराची परतफेड करतों तसेंच. 'रेट्रिब्यूशन' हाही मुळांत परतफेडीचाच शब्द. ईश्वराच्या दरबारीं शेवटच्या दिवशीं मिळावयाचें फळ, मग तें बरें असो वा वाईट, असा त्याचा विस्तार. हळूहळू बरें फळ गळून पडलें आणि शिक्षा तेवढी उरली. तरी शब्दाभोंवतींचें देवळाचें वातावरण मात्र गेलें नाहीं. रेट्रिब्यूशन कोणी 'घेत' नाहीं. तें वरून येतें.

१८४२ सालीं तें खैबर घाटांतून आलें. शहा शुजास काबूलच्या गादीवर बसविण्यासाठीं कंपनी सरकारनें १८३९ सालीं अफगाणिस्तानांत फौज घातली होती. दोन वर्षांत तेथें उठाव झाला, सर अलेक्झांडर बर्न्स मारला गेला, डिसेंबर १८४१ मध्यें राजदूत मॅकनॉटन याचा खून झाला, आणि जानेवारीच्या हिमांत सुमारें ४,५०० शिपाई व १२,००० च्या आसपास बुणगे काबूल सोडून निघाले. त्यांतील बहुसंख्य हिंदुस्थानी होते. जलालाबादेस १३ जानेवारीला डॉ. ब्रायडन पोहोंचला तो जवळ जवळ एकटाच. हा घाव भरून काढण्यासाठीं जनरल पोलॉक याच्या हाताखालीं जी फौज पाठविण्यांत आली तिला नांव मिळालें 'आर्मी ऑफ रेट्रिब्यूशन'. सुडाची फौज नव्हे. कर्मफळ देणारी फौज!

सप्टेंबरच्या मध्यास ती काबुलांत शिरली. ब्रिटिश कैदी सुटले. इस्तालिफ हें सुंदर गांव जाळण्यांत आलें. आणि ऑक्टोबरांत काबूलचा प्रसिद्ध छत्रीबंद बाजार सुरुंगानें उडवून देण्यांत आला. मॅकनॉटनचें प्रेत त्या बाजारांत टांगलें होतें, एवढाच त्या बाजाराचा अपराध. सतराव्या शतकांत अली मर्दानखानानें बांधलेली ती वास्तु होती. ज्याच्यावर मॅकनॉटनच्या खुनाचा ठपका तो अकबरखान हातीं लागला नाहीं. लागलीं तीं दुकानदारांचीं दुकानें, आणि त्यांत हिंदु व्यापाऱ्यांचींही होतीं. मग फौज परत फिरली आणि पुढल्या वर्षीं दोस्त महंमद पुन्हा काबूलच्या गादीवर येऊन बसला. पठाणांच्या रिवाजांत अपकाराची फेड करण्याच्या कर्तव्याला 'बदल' म्हणतात. मूळ अरबी शब्द अदलाबदलीचा, आणि मराठीचा 'बदला' त्याच कुळांतला. डोंगरांतल्या पठाणास पोलॉकच्या फौजेचें कृत्य समजण्यास कांहींच अडचण पडली नसावी. त्याच्या भाषेंत त्याला सरळ नांव होतें. अडचण होती ती लंडन आणि कलकत्ता येथील सुसंस्कृत गृहस्थांस, आणि ती 'रेट्रिब्यूशन' या एका शब्दानें सुटली.

याच मोहिमेंत दुसऱ्या शब्दालाही काम मिळालें. कंदाहारकडून आलेल्या जनरल नॉटच्या फौजेनें गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याच्या आज्ञेवरून गझनीच्या महमुदाच्या कबरीचे लांकडी दरवाजे काढून आणले. ते सोमनाथाचे, अशी समजूत. नोव्हेंबर १८४२ मध्यें एलनबरोनें हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांस व लोकांस, त्यांना भाऊ आणि मित्र म्हणून, एक जाहीरनामा काढला. त्यांत आठशें वर्षांचा अपमान आतां 'अव्हेंज' झाला असें त्यानें लिहिलें. शब्दाची निवड अचूक होती. इंग्रजांनीं स्वतःसाठीं जें केलें तें रेट्रिब्यूशन, आणि हिंदूंसाठीं केलें तें अव्हेंज. कारण अव्हेंज दुसऱ्यासाठीं करावयाचें असतें, आणि करणारा त्यामुळें उपकारकर्ता ठरतो. फौज मात्र हिंदूंच्या सांगण्यावरून गेली नव्हती. पार्लमेंटांत मॅकॉलेनें मार्च १८४३ मध्यें या जाहीरनाम्याची यथेच्छ टर उडविली. दरवाजे सोमनाथापर्यंत पोहोंचलेच नाहींत. ते देवदाराचे असून गझनीकडच्याच कारागिरीचे आहेत असें ठरलें, आणि आग्र्याच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आले.

पंधरा वर्षांनीं कानपूर. महाराष्ट्रांतील वाचकांस हें प्रकरण निराळें सांगावयास नको, कारण त्याच्या मध्यभागीं ब्रह्मावर्तास राहणारे नानासाहेब पेशवे आहेत. दुसऱ्या बाजीरावास मिळणारें वार्षिक ८ लक्ष रुपयांचें पेन्शन त्याच्या मृत्यूनंतर, १८५१ सालीं, बंद झालें आणि दत्तकपुत्राचा दावा नामंजूर झाला. म्हणून नानासाहेबांच्या वर्तनास इंग्रज लेखकांनीं 'रिव्हेंज' हें नांव पक्कें केलें: एका माणसाचें, एका पेन्शनीसाठीं. २७ जून १८५७ रोजीं सतीचौरा घाटावर आणि १५ जुलैस बिबीघरांत जें घडलें तें क्रूर होतें. बायकामुलांची कत्तल कोणत्याही शब्दानें झांकतां येत नाहीं. परंतु इंग्रजांच्या बाजूच्या कृत्यांस जेव्हां सरसकट 'कानपूरचें रिटॅलिएशन' म्हटलें जातें, तेव्हां दिनदर्शिका पाहावी. कर्नल नील ११ जूनला अलाहाबादेस पोहोंचला, आणि तेथील फांशीचें व गांवें जाळण्याचें सत्र जूनमधलेंच आहे. तेथून कानपूरकडे निघालेली रेनोची तुकडी रस्त्याच्या कडेच्या झाडांना माणसें टांगीत गेली ती जुलैच्या आरंभीं. बिबीघर त्यानंतरचें. अलाहाबादेच्या आधीं मीरत व दिल्ली येथील इंग्रजांच्या हत्या होत्या हें खरें. म्हणून तर कोणती कत्तल 'उलट' आणि कोणती 'मूळ' हें आरंभ कोठें धरावा यावर अवलंबून राहतें. रिटॅलिएशन म्हणणारास घड्याळ आपल्या सोयीनें लावावें लागतें.

लंडनांतील 'पंच' साप्ताहिकानें २२ ऑगस्ट १८५७ रोजीं टेनिएलचें मोठें व्यंगचित्र छापलें. ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतो आहे, आणि नांव 'व्हेंजन्स'. तीनच आठवड्यांनीं, १२ सप्टेंबरला, त्याच चित्रकाराचें दुसरें चित्र आलें. तलवार उगारलेली न्यायदेवता शिपायांना तुडवीत आहे, मागें तोफेच्या तोंडीं दिलेले बंदी आहेत, आणि एका बाजूस हिंदी बायकामुलें शोक करीत आहेत. त्याचें नांव 'जस्टिस'. १८५८ सालीं एडवर्ड आर्मिटेज यानें ब्रिटानिया वाघास ठार करीत असल्याचें भव्य चित्र काढलें, त्यास 'रेट्रिब्यूशन' असें नांव दिलें. व्हेंजन्स, जस्टिस, रेट्रिब्यूशन. वर्ष-दीड वर्षांत हा शब्दांचा जिना चढून झाला. नीलनें २५ जुलैच्या हुकुमानें कैद्यांना फांशी देण्यापूर्वीं बिबीघरांतील रक्ताचे डाग पुसावयास लावलें, तें यांतल्या कोणत्या पायरीवर बसतें, हें चित्रकारांनीं सांगितलें नाहीं. ३१ जुलैला लॉर्ड कॅनिंगनें सरसकट शिक्षा देण्यास आळा घालणारा ठराव काढला, तर त्याला 'क्लेमन्सी कॅनिंग', म्हणजे दयाळू कॅनिंग, असें टोपणनांव कुचेष्टेनें मिळालें.

इंग्रजांचीच ही खोड, असें समजून मराठी माणसानें फार सुखावून जाऊं नये. पेशवाईच्या पत्रव्यवहारांत 'पारिपत्य' हा शब्द असाच वावरतो. शत्रूनें केला तर दंगा, उपद्रव, बेइमानी. आपल्या फौजेनें मुलूख मारला तर पारिपत्य. रेट्रिब्यूशनला मराठींत याहून नेमका शब्द सांपडणें कठीण.

१९२० सालीं वादाचा शब्द 'रेप्रायझल' झाला, आणि तो आयर्लंडांत. छापेमारांनीं पोलीस मारावे आणि पोलिसांनीं व 'ब्लॅक अँड टॅन' दळानें जवळचें गांव जाळावें, असें चाललें होतें. सप्टेंबरांत बॅलब्रिगन जळालें. ११ डिसेंबरच्या रात्रीं कॉर्क शहराचा मध्यभाग पेटला. प्रथम सरकारनें कानांवर हात ठेवले. मग जानेवारी १९२१ पासून लष्करी कायद्याच्या मुलुखांत 'अधिकृत रेप्रायझल्स' सुरू झालीं. मिडलटन येथें सात घरें रीतसर हुकुमानें नष्ट करण्यांत आलीं, कारण त्या रहिवाशांनीं छाप्याची खबर दिली नाहीं. मध्ययुगांतील अधिकारपत्राची अट अशी सातशें वर्षांनीं पुन्हा पुरी झाली. पण या शब्दानें लंडनच्या सरकारची पंचाईतही केली. रेप्रायझल परराष्ट्राच्या प्रजेविरुद्ध असतें. आपल्याच प्रजेविरुद्ध असते ती शिक्षा, आणि शिक्षेला न्यायालय लागतें. आयर्लंड हा आपल्याच राज्याचा भाग आहे असें एकीकडे सांगणारें सरकार दुसरीकडे शब्द मात्र परराष्ट्राशीं लढतांनाचा वापरीत होतें. वर्ष संपण्यापूर्वीं आयरिश पुढाऱ्यांशीं तहावर सह्या झाल्या.

जून १९४४ मध्यें लंडनवर जर्मनांचे उडते बाँब पडूं लागले. बर्लिनहून त्यांना जें नांव मिळालें तें 'फेरगेल्टुंग'चें शस्त्र. फेरगेल्टुंग म्हणजे परतफेड. सुडाला जर्मन भाषेंत निराळाच रोखठोक शब्द आहे, तो प्रचारखात्यानें बाजूला ठेवला. इंग्रजी पत्रांनीं मात्र त्याचें भाषांतर करतांना 'व्हेंजन्स' आणि 'रिव्हेंज' हे शब्द काढले. दोघांनींही आपापल्या बाजूनें बरोबर निवड केली! त्या जर्मन शब्दांतील 'गेल्ट' आणि जुन्या वेरगिल्डमधील 'गिल्ड' हीं एकाच मुळाचीं रूपें आहेत. डोळ्याबद्दल ५० शिलिंग भरून वैर मिटविणारा शब्द आणि झोंपलेल्या शहरावर पडणारें शस्त्र यांचें गोत्र एक.

महायुद्धानंतर कायद्यानें या शब्दांपैकीं एकास तरी वेसण घातली. युद्धकैद्यांवर रेप्रायझल करण्यास १९२९ च्या जिनिव्हा करारानें बंदी केलीच होती; १९४९ च्या करारांनीं शत्रूच्या ताब्यांतील नागरिकांनाही तें संरक्षण दिलें. १९७० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें शस्त्रबळानें केलेलें रेप्रायझल राष्ट्रांनीं टाळावें, हें त्यांचें कर्तव्य म्हणून सांगितलें. परिणाम असा झाला कीं सरकारी पत्रकांतून तो शब्द मागें पडत गेला, आणि त्याची जागा 'स्वसंरक्षण' या शब्दानें घेतली. कारण १९४५ च्या सनदेंत तेवढा एक हक्क स्पष्ट मान्य केलेला आहे.

'रिटॅलिएशन'चें मात्र भाग्य उजळलें. जकातीच्या भांडणांत तो रोजचा झाला. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याखालीं तक्रार करणाऱ्या नोकरास मालकानें त्रास देणें यालाही तेंच नांव पडलें, आणि तेथें तर अपकार करणाराच 'उलट' अपकार करतो! त्याचें सर्वांत मोठें स्थान अणुयुगांतलें. जानेवारी १९५४ मध्यें अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यानें जें धोरण मांडलें तें 'मॅसिव्ह रिटॅलिएशन' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. डलेस धंद्यानें वकील होता. टॅलिओचा अर्थ तेवढ्यास तेवढें असा आहे, हें त्याला ठाऊक नसेल असें म्हणवत नाहीं. भारत सरकारनें ४ जानेवारी २००३ रोजीं आपलें अण्वस्त्रविषयक धोरण प्रसिद्ध केलें. त्यांत पहिला वार न करण्याची प्रतिज्ञा आहे, वार झाल्यास होणाऱ्या उत्तरास 'रिटॅलिएशन' हाच शब्द आहे, आणि त्याला 'मॅसिव्ह' हेंच विशेषण आहे. त्याचा हुकूम देण्याचा अधिकार लोकनियुक्त राजकीय नेतृत्वाशिवाय दुसऱ्या कोणासही नाहीं, असें त्याच पत्रकांत नमूद केलें आहे.